पैसा चालेल, राखीव जागा नको: सुपर लीग, धनाढ्य मालक आणि फुटबॉलमधला न्याय

डावी विंग (धागाकर्ता)

१८ एप्रिल २०२१, रविवारची रात्र. युरोपातल्या बारा क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली: इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन, इटलीचे तीन. जर्मनीचे बायर्न आणि डॉर्टमुंड आणि पॅरिसचा पीएसजी बाहेर राहिले. मंगळवारी संध्याकाळी चेल्सीच्या समर्थकांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेरचा रस्ता अडवला आणि त्याच रात्री इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले.

त्या योजनेतला पैसा मला तितका खुपला नाही. खुपली ती जागांची वाटणी. वीस संघांपैकी पंधरा कायमचे, आणि उरलेल्या पाच जागांसाठी बाकी सगळ्या युरोपाने झुंजायचं. त्या बारांपैकी टॉटनहॅम त्या मोसमात प्रीमिअर लीगमध्ये सातवा आला, आर्सेनल आठवा. दोघांनीही तोवर युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) एकदाही जिंकला नव्हता. तरी त्यांची जागा पक्की!

माझं म्हणणं असं की मालक कितीही श्रीमंत असू दे, वाईट कारभाराची शिक्षा त्याला मैदानावर मिळाली पाहिजे. हरलास तर खालच्या लीगमध्ये जा. ही भीती आहे तोवर खेळात न्याय आहे. ती काढून घेतली की उरतो तो फक्त धंदा. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला आणि अशा फुटीर स्पर्धांत जाण्यापासून क्लबांना रोखायचा अधिकार नियामकाला मिळाला. हे सगळ्या युरोपात व्हावं. खर्चावरच्या मर्यादा मात्र खालून वर येणाऱ्यांसाठी सैल कराव्यात.

मतं मांडा. विरोधी असतील तर अधिक सविस्तर मांडा.

---

स्वीपर

मुळातच असहमत. दार उघडं आहे ते कागदावर. २०२३-२४ मध्ये प्रीमिअर लीगमध्ये बढती मिळालेले तिन्ही संघ, ल्युटन, बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड, त्याच मोसमात परत खाली गेले. पुढच्या वर्षी इप्सविच, लेस्टर आणि साउदॅम्प्टनचं तेच झालं. जर्मनीत बायर्नने २०१३ पासून सलग ११ वेळा बुंडेसलिगा जिंकली. तिथे कोणी जागा राखीव ठेवल्या नव्हत्या.

म्हणजे पंधरा जागा कायमच्या करायला सुपर लीगच हवी असं नाही. चॅम्पियन्स लीगचा पैसा दरवर्षी त्याच त्या क्लबांकडे जातो, त्यातून ते चांगले खेळाडू घेतात, पुन्हा पात्र ठरतात, पुन्हा पैसा मिळवतात. हे चक्र तोडल्याशिवाय फुटीर स्पर्धेवर बंदी घालणं म्हणजे आजच्या श्रीमंतांना संरक्षण देणं. आणि तुम्ही वर खर्चाच्या मर्यादाही सैल करा म्हणता?

---

डावी विंग

@स्वीपर, हो, म्हणतो, कारण त्या मर्यादांचा फटका नेमका कोणाला बसला ते पाहा. तेव्हा प्रीमिअर लीगमध्ये तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा. पण खालच्या लीगमध्ये काढलेल्या वर्षांसाठी मुभा कमी, म्हणून नॉटिंगहॅम फॉरेस्टला मर्यादा मिळाली ६.१ कोटींची. २०२२ मध्ये वर आल्यावर संघ जवळजवळ नव्याने उभा करायचा होता. त्यांनी खर्च केला, मर्यादा ओलांडली आणि मार्च २०२४ मध्ये चार गुण गमावले. त्याच सुमारास चेल्सीने आपल्याच समूहातल्या कंपनीला दोन हॉटेलं विकून हिशेब सावरले आणि ते नियमात बसलं!

तरी फॉरेस्ट टिकला. २०२४-२५ मध्ये सातवा येऊन युरोपात पोचला. हाच क्लब १९७९ आणि १९८० चा युरोपियन विजेता आहे. मारिनाकिससारखा पैसेवाला मालक नसता तर आज तो कुठे असता?

---

गोलरेषा

फॉरेस्टचं ठीक आहे हो, पण पोर्ट्समथला का विसरता? २००८ मध्ये एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा जिंकला. मालकाच्या पैशावर पगार फुगवले होते. पैसा आटला आणि २०१० मध्ये क्लब दिवाळखोरीत. २०१३ पर्यंत चौथ्या पातळीवर. त्याच वर्षी शेवटी समर्थकांनी आपल्या ट्रस्टमार्फत क्लब वाचवला. ‘बरी’ (Bury) या क्लबचं तर आणखी वाईट. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना लीगमधूनच काढून टाकलं. शंभर वर्षांहून जुना क्लब, आणि मोसम सुरू होऊन गेल्यावर लोकांना कळलं की आता सामनेच नाहीत.

डावी विंग, तुम्ही म्हणता शिक्षा मालकाला मिळते. नाही मिळत. मालक क्लब विकतो आणि जातो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच स्टँडमध्ये उभं राहणाऱ्यांना दुसरा क्लब घेता येत नाही. घोडं पेंड खातं ते इथे. आणि ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेतला तो बराचसा कर्जावर, आणि त्याचा बोजा टाकला क्लबवरच. गुंतवणूक म्हणायचं का याला?

---

जाळीमागून

चर्चा चांगली चालली आहे, पण युएफा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची नियामक संस्था, या सगळ्यातून फारच स्वच्छ सुटते आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नव्या स्पर्धांना परवानगी देण्याचे फिफा आणि युएफाचे नियम पारदर्शक नव्हते आणि त्यातून वर्चस्वाचा गैरवापर झाला. सुपर लीगला मान्यता द्यायलाच हवी, असं न्यायालय म्हणालं नाही, हेही खरं. पण जी संस्था स्वतः स्पर्धा भरवते, पैसा वाटते आणि प्रतिस्पर्ध्याला परवानगीही तीच देते, तिला खेळाची राखणदार कसं मानायचं?

युएफाच्याही मूळ आराखड्यात चॅम्पियन्स लीगच्या दोन जागा जुन्या कामगिरीच्या गुणांवर द्यायच्या होत्या. ओरड झाली म्हणून २०२२ मध्ये तो मुद्दा मागे घेतला. आता त्या दोन जागा आदल्या मोसमात युरोपात सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्या देशांना मिळतात. म्हणजे बलाढ्य लीगना आणखी एकेक.

---

स्वीपर

@जाळीमागून, या मुद्द्यावर पूर्ण सहमत. म्हणून मी म्हणतो, बंदीने भागणार नाही, वाटप बदला. युरोपीय स्पर्धांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तिथे न पोचलेल्या क्लबांना द्या.

@डावी विंग, बायर्नची साखळी २०२४ मध्ये लेव्हरकुझेनने तोडली, तीही एकही सामना न हरता. पण लेव्हरकुझेन हा ‘५०+१’ नियमातून सूट मिळालेला, औषध कंपनीच्या मालकीचा क्लब आहे हे कबूल करतो. तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा तोच, आणि तो तुम्ही दिलाच नाहीत. तरीही समर्थकांच्या हाती बहुमत ठेवणारा तो नियम मला सोडवत नाही. सुपर लीगच्या वेळी जर्मन क्लब बाहेर राहिले त्यात त्याचा हात होता असं मी मानतो. सभासदांना तोंड द्यायचं असलं की अध्यक्ष मध्यरात्री असली घोषणा करायला धजत नाही.

---

गोलरेषा

मधला मार्ग सुचवतो. मालकाला हवा तेवढा पैसा ओतू द्या, पण कर्ज म्हणून नाही, भांडवल म्हणून. आणि खेळाडूशी पाच वर्षांचा करार केला तर पाच वर्षांचा पगार आधी वेगळ्या खात्यात जमा करायचा. मालक उद्या निघून गेला तरी क्लब बुडणार नाही. फॉरेस्टला वर यायचा रस्ता राहील आणि पोर्ट्समथही पुन्हा होणार नाही.

---

डावी विंग

@गोलरेषा, ही अट मान्य. मूळ मांडणीत ती मी जोडायला तयार आहे.

पण यात एक अडचण तशीच राहते. न्यूकॅसलची ८० टक्के मालकी २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने घेतली. अशा मालकाला दहा वर्षांचे पगार आधी भरायला सांगितले तरी काही फरक पडत नाही. अबू धाबीच्या राजघराण्याच्या पैशावर चालणाऱ्या मँचेस्टर सिटीवर प्रीमिअर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले आणि वर्षानुवर्षं कायदेशीर लढाई चालली. एवढी लढाई एव्हर्टनला परवडली असती का? तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांचे दहा गुण नोव्हेंबर २०२३ मध्ये कापले गेले, अपिलात सहावर आले आणि तेही त्याच मोसमात भोगून झाले.

म्हणून राज्यसत्तेच्या मालकीबाबत माझं मत वेगळं आहे. तिथे खर्चाची मर्यादा नको, सरळ मनाईच हवी. स्वीपर, यावर तुमचं काय म्हणणं?

---

स्वीपर

मनाई हवीच. पण आज ज्यांच्याकडे असे क्लब आहेत त्यांनाही विकायला लावा. नाहीतर सिटी आणि न्यूकॅसल आत, बाकी सगळे बाहेर, म्हणजे पुन्हा राखीव जागाच झाल्या.