सहल ठरवताना तुमच्या घरी काय काय चालतं?

शनिपारची लेक
काल स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीसाठी उभी होते. पुढच्या मुलाच्या हातात एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास दिसला आणि सगळं भरभरून आठवलं. मे महिन्यात आई आम्हा भावंडांना याच पासावर फिरवायची. चार दिवसांचा मिळतो आणि सात दिवसांचा, आम्ही कायम सातवाला. कोल्हापूर, मालवण, मग रत्नागिरी, चिपळूण आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे परत पुणे. बाबांना रजा नसायची, त्यामुळे सगळं आईच बघायची.

तिचे नियम पक्के होते. दिवे लागायच्या आत मुक्कामी पोचायचं. खोली स्टँडपासून चालत जाण्याइतकीच लांब. कपडे प्रत्येकी दोन जोड. पंचा रात्री धुवायचा आणि ओला असला तर सकाळी गाडीच्या खिडकीच्या दांडीला बांधायचा, घाट उतरेपर्यंत कडकडीत! आणि मध्ये एक दिवस कुठेही जायचं नाही. मालवणला सिंधुदुर्ग बघून झाल्यावर दुसरा अख्खा दिवस आम्ही किनाऱ्यावर बसून होतो, होड्यांतून मासळी उतरताना बघत. बांगड्याच्या टोपल्यांवरून कोळणींची घासाघीस चालली होती, ती मला अजून ऐकू येते. किल्ल्यापेक्षा तो दिवस जास्त लक्षात राहिलाय.

हल्ली सहलीच्या ग्रूपवर तासातासाचं वेळापत्रक येतं आणि वाचूनच दमायला होतं. एक दिवस मोकळा सोडाच, असं मी सगळ्यांना सांगत असते. दिवाळीचे बेत सुरू असतीलच, तर तुमच्या घरी कसं ठरतं ते लिहा.

सई_कोथरूड
किती छान गं! पण आता पास काढण्याआधी हिशेब कर. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जवळ जवळ फिरायचं असेल तर सुटं तिकीटच स्वस्त पडतं. पास साध्या गाडीचा आणि शिवशाहीचा वेगळा असतो, तेही काढतानाच बघायचं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. मात्र या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच.

गुहागरी
दिवे लागायच्या आत 👍 आमच्याकडेही हेच.
कोकणात जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. हॉटेल, जेवण सगळं बघतात पण भरती-ओहोटी कोणी बघत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी असते. पुण्याहून पाच तास गाडी हाकून यायचं आणि नेमकी भरती असली की माणसं वरूनच हात जोडून परत जातात. आमचे आजोबा कालनिर्णय बघून सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. तिथून सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचाराच. आणि पावसाळ्यात त्या खडकांवर अजिबात जाऊ नका, लाट सांगून येत नाही.

मीनल
@गुहागरी हे लिहून ठेवलं!! एकादशीला सव्वाआठ ना?

गुहागरी
बरोब्बर.

सिंहगडरोडवाला
जंगलजेट्टी विसरू नका. बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसकट पलीकडे, की हरिहरेश्वरहून थेट केळशी-दापोलीच्या बाजूला. रस्त्याने महाडकडून वळसा घालत बसावं लागत नाही. मुलांना समुद्रापेक्षा ती बोटच आवडते. सुट्टीत रांग असते, सकाळी लवकर गाठा.

अपर्णा_सहकारनगर
सासूबाईंना अजिंठा दाखवायचा होता, गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं राहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात नेलं. तिथे डोली मिळते, डोलीवाल्यांशी दर आधी ठरवून घ्या. आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या फाट्यापाशी लावून तिथल्या बसने जावं लागतं. वार मात्र जपा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणून आम्ही रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ केलं. वेरूळचं कैलास फाटकासमोरच आहे, फार चालावं लागत नाही.
पहिल्या लेण्यात शिरल्यावर पुढच्या घोळक्याबरोबर वाहून जाऊ नका. एका बाजूला उभे राहा. आधी नुसता काळोख दिसतो, मग डोळे सरावले की पद्मपाणीच्या हातातलं कमळ दिसायला लागतं, मग मुकुट, मग त्या खाली झुकलेल्या पापण्या. सासूबाई हात जोडूनच उभ्या राहिल्या. रखवालदारानेही त्यांना घाई केली नाही, देव भलं करो त्याचं.

शनिपारची लेक
अपर्णा, अंगावर काटा आला वाचून.

विश्रामबाग_काका
रेल्वेचं सांगतो. आरक्षण आता साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. पूर्वी एकशेवीस होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे. पुरुष साठच्या पुढे, बायका पंचेचाळीसच्या पुढे. मेख अशी की एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघेच असले तर तो मिळतो. सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलंत तर आजींना वरचा बर्थ येऊ शकतो. आई-वडिलांचं वेगळं काढा.

मीनल
काका 🙏🙏 हे माहीतच नव्हतं

रोहन_पिंपळे
घाटात मुलगी उलटी करते, ताम्हिणीचं नाव काढलं तरी रडते. काय करता तुम्ही लोक?

सई_कोथरूड
बिच्चारी! पोट अगदी रिकामं नको नि गच्चही नको. पुढच्या बाजूला बसव, समोर लांब बघायला सांग, मोबाईल हातात देऊ नकोस. आलेपाक जवळ ठेव. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याच्या आधी, घाट लागल्यावर नाही.

अपर्णा_सहकारनगर
आवळासुपारी पण चालते. आणि ताम्हिणीत दर अर्ध्या तासाने थांब, बाकीचे ओरडले तरी. तिचा प्रवास सुखाचा झाला तर सगळ्यांचाच होतो.

मीनल
प्रवासाला धपाटे नेता की दशम्या? आमच्याकडे दरवेळी यावरून वाद 😄

विश्रामबाग_काका
दशम्या. दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब नाही. सोबत लसणाची चटणी. नागपूरपर्यंत टिकतात.

गुहागरी
धपाटे!! दह्याबरोबर.

सई_कोथरूड
तिखटमिठाच्या पुऱ्या. विषय संपला.

सिंहगडरोडवाला
कासला जाणारं कोणी आहे का? ऑनलाइन नोंदणी करूनच जा, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. कृपा करून फुलांत बसून फोटो काढू नका. तिथली टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आपण तुडवली की गेली.
येताना वेळ उरला तर पाचगणीजवळ भिलार करा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलीत, बसून वाचायचं. शनिपारताईंच्या त्या मोकळ्या दिवसाला एकदम योग्य.

शनिपारची लेक
भिलार नक्की करणार. आईला वाचायला खूप आवडतं, आणि पंचाहत्तरीही झालीय तिची. आत्ताच फोन करून विचारलं, “येतेस का?” तर म्हणाली, “गाडी किती वाजता आहे?”

रोहन_पिंपळे
🙂 वरंधा सुरू आहे का कोणाला माहितीय? भोरवरून महाडला जायचंय.

गुहागरी
पावसाळ्यात बहुतेक वेळा बंद ठेवतात, दरडी येतात. निघण्याआधी भोरला कोणाला तरी फोन करून विचार. बंद असला तर ताम्हिणीनेच माणगावला उतर, आणि लेकीसाठी आलेपाक घेऊन ठेव.