मदत हवी: पाणी मचूळ लागतं, तरी टीडीएस पेन ११८च दाखवतो (जैतापूर खाडीकाठ, शालेय प्रकल्प)

खाडीकाठ_शाळा

आठवी-नववीच्या सहा मुलांचा गट ‘विहिरीत खाडीचं पाणी कुठवर शिरतं’ हे शोधतो आहे. खाडीपासून वर चढत जाणाऱ्या पाच विहिरी निवडल्या. दोन रविवारी सकाळी ९ वाजता पोहऱ्याने पाणी काढलं आणि साध्या टीडीएस पेनने (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मोजलं. पहिल्या रविवारचे आकडे:

१ नंबर (खाडीपासून ४० मीटर, पुळणीची जमीन): ३१०
२ नंबर (९० मीटर): ११८
३ नंबर (१५० मीटर): २४०
४ नंबर (२६० मीटर): ६९०
५ नंबर (४२० मीटर, सड्याखाली, जांभ्यात खोदलेली): ६०

अडचणी अशा. २ नंबरचं पाणी मचूळ लागतं, डाळ शिजत नाही असं घरचे सांगतात, पण पेनवर ते गोडं दिसतं. १ नंबर दुसऱ्या रविवारी त्याच वेळी ४५० झाली. ४ नंबर एवढी वर असून ६९० का? क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेटचं अनुमापनही केलं, म्हणजे क्रोमेटने पिवळ्या केलेल्या नमुन्यात रंग बदलेपर्यंत ते ब्युरेटमधून थेंब थेंब सोडलं (५० मिली नमुना, ०.०१४१ नॉर्मल). २ नंबरला अख्खं ब्युरेट संपलं तरी पिवळा रंग हलला नाही. ५ नंबरला तीनदा करून २.१, ३.४ आणि ४.० मिली आलं. नमुने चुकले, रसायन खराब आहे की पेन बिघडलाय?

रसायनटेबल

पेन बहुतेक ठीक आहे. पुन्हा २ नंबरमध्ये बुडवा आणि पडद्याचा कोपरा बघा. या स्वस्त पेनांत ९९९ च्या वर गेलं की कोपऱ्यात बारीक ‘×१०’ उमटतं. तसं असेल तर वाचन ११८ नसून ११८० आहे. मग ब्युरेट का संपलं तेही कळतं. ११८० ला क्लोराइड लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास असणार. तुमच्या द्रावणाचा १ मिली म्हणजे ५० मिली नमुन्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिली द्रावण लागणार आणि ब्युरेट ५० चं आहे. १० मिली नमुना घ्या, ४० मिली ऊर्ध्वपातित पाणी घाला. आता १ मिली म्हणजे ५० मिलिग्रॅम, आणि १२-१३ मिलीत विटकरी रंग यायला हवा.

पेनची खात्रीही करून घ्या. १० ग्रॅम मीठ १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, त्यातलं ५० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. पेन ५०० च्या जवळपास दाखवायला हवा. थेट अर्धा ग्रॅम मोजायला जाऊ नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो चुकतोच. पाणी गार असेल तर ते पंचवीस-सत्तावीस अंशांपर्यंत येऊ द्या. तापमानाची दुरुस्ती नसलेल्या पेनवर दर अंशाला सुमारे २ टक्के फरक पडतो.

५ नंबरची गोष्ट वेगळी आहे. जांभ्यातलं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच बऱ्याचदा ६ च्या खाली. ही पद्धत ७ ते १० पीएचमध्येच नीट चालते. आम्लात क्रोमेटचा पिवळा नारिंगीकडे झुकतो, विटकरी छटा उशिरा आणि अर्धवट उमटते आणि प्रत्येक मुलाला शेवट वेगळ्या थेंबाला दिसतो. नमुन्यात आधी चिमूटभर खायचा सोडा घाला, पीएच पट्टीवर ८ बघा, मगच दर्शक (क्रोमेट) टाका. इतक्या गोड्या पाण्याला ५० ऐवजी १०० मिली नमुना घ्या. शेजारी दर्शक घातलेला, अनुमापन न केलेला पिवळा फ्लास्क ठेवा आणि खाली पांढरा कागद. त्या तुलनेत पहिली टिकणारी छटा दिसली की थांबायचं. सोडा घातलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचं कोरं वाचनही घ्या. ते ०.२-०.३ मिली येतं आणि प्रत्येक आकड्यातून वजा करायचं असतं. ५ नंबरसारख्या विहिरीत तेवढाच फरक दहा टक्क्यांवर जातो.

ऊर्ध्वपातित पाणी कुठून आणता? फिल्टरचं पाणी चालणार नाही. बॅटरीचं चालतं, पण पेनवर ०-३ दाखवणारंच घ्या.

भांगउधाण

रविवार ते रविवार, तीच वेळ, ही या प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे पहिल्या रविवारी ९ वाजता ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी ९ वाजता भरती. शिवाय एक रविवार उधाणाचा (मोठ्या भरतीचा) पडला तर दुसरा भांगाचा (लहान भरतीचा). घड्याळ तेच राहिलं, खाडी उलटी झाली.

वेळ तिथीवरून धरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अदमास येतो: अष्टमीला ६, द्वादशीला ९. किनाऱ्यावर ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो आणि खाडीत आत जावं तसा उशीर होतो, म्हणून तुमच्या धक्क्यावर एक दिवस खुंटी रोवून खरी वेळ लिहून ठेवा. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी एकदा आणि अष्टमीनंतर तितक्याच दिवसांनी एकदा नमुने घ्या, दोन्ही वेळा भरतीनंतर ठरावीक तासांनी. १ आणि २ नंबरवर मात्र एक पूर्ण दिवस द्या. दर तासाला, १३ तास, पातळी आणि पेनचं वाचन. विहिरीतलं पाणी खाडीच्या मागून किती तासांनी हलतं हे त्यातून दिसेल. त्या दिवशी कोणाचा पंप किती वाजता चालला तेही लिहा, नाहीतर पंपाने उतरलेली पातळी ओहोटीच्या खात्यात जाईल.

दुसरं, पोहरा वरचं पाणी आणतो. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. १ नंबर ३१० दिसली म्हणून गोडी समजू नका.

आणि ‘खाडीपासून ९० मीटर’ कुठून मोजलंत? २ नंबरच्या आसपास खाजण (खाडीकाठची बांध घातलेली सखल खारी जमीन) आहे का? बांधाची उघाडी (खारं पाणी अडवणारी झडप) शाबूत आहे का?

खाडीकाठ_शाळा

×१० होतं! २ नंबर ११८०च आहे. पातळ करून केलं: १२.४ मिली, कोरं ०.२, म्हणजे लिटरमागे ६१० मिलिग्रॅम क्लोराइड. ५ नंबर सोडा घालून तीनदा सारखीच आली.

खाजण आहे. अंतर धक्क्यापासून मोजलं होतं. उघाडीची फळी मोडली आहे आणि उधाणाचं पाणी खाजणात, विहिरीपासून २५ मीटरवर येऊन थांबतं. तळाचं पाणी कसं काढायचं?

भांगउधाण

मग अंतराचा रकाना बदला. धक्का नव्हे, उधाणाचं खारं पाणी जिथवर येऊन टेकतं ती रेघ. २ नंबर तुमच्या पाच विहिरींत खाऱ्या पाण्याला सगळ्यात जवळची आहे.

तळाच्या नमुन्यासाठी थंड पेयाची जाड ५०० मिली बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली खोलवर चेपते आणि बूच अडकतं. बाटलीला १ किलोचा काळा धोंडा बांधा. हलका चालत नाही, कारण ५०० मिलीची रिकामी बाटली अर्धा किलो वर ढकलते आणि धोंड्याचंही वजन पाण्यात एक तृतीयांशाहून जास्त कमी होतं. तोंडाला रबरी बूच, त्याला वेगळी दोरी. मुख्य दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ. तळापासून अर्धा मीटर वर थांबवा, नाहीतर गाळ येतो. बुचाला झटका द्या, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, ओढा. आधी तळाचा नमुना, मग वरचा. उलटं केलंत तर बाटलीने पाणी ढवळलेलं असतं. कठड्याजवळ मोठं माणूस हवंच, आणि मुलांनी कठड्यावर चढायचं नाही.

पाखाडी

४ नंबरबद्दल. ती खाडीमुळे ६९० असेल असं वाटत नाही. जवळ गोठा, शोषखड्डा, संडास काय आहे? क्लोराइड मुतातूनही येतं, त्यामुळे क्लोराइड एकटं साक्षीदार म्हणून पुरत नाही. नायट्रेटची पट्टी लावा. पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, पण डबीवर बघा: काही पट्ट्या नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, तिथे तीच मर्यादा सुमारे १० होते. सोबत हायड्रोजन सल्फाइडची बाटली (मैलपाण्यातले जिवाणू ओळखायची चाचणी) ठेवा. ३० अंशांवर २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर मैलपाण्याचा संशय पक्का. मात्र ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली असेल त्या दिवशी ही बाटली लावू नका, क्लोरीनने जिवाणू मरून बाटली खोटीच स्वच्छ राहते. टीसीएलमुळे क्लोराइड वाढलं असेल ही शंका मात्र सोडा. नेहमीच्या मात्रेत ते लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅमच वाढतं.

पाण्याची पातळीही मोजा. ती अंतराहून महत्त्वाची आहे. सगळे कठडे एका पातळीला आणायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. १०-१० मीटरचे टप्पे करा, नळीत बुडबुडा राहू देऊ नका, आणि शेवटी उलट मोजत परत या. चूक तिथे सापडते.

खाडीकाठ_शाळा

४ नंबरपासून गोठा ६ मीटरवर. पट्टीचा रंग ५० आणि १०० च्या मधला आला (नायट्रेट म्हणूनच मोजणारी पट्टी आहे).

१ नंबर तळाशी २४१, वर ३१०. तळ जास्त गोडा? की पुन्हा…

रसायनटेबल

पुन्हा. कोपरा बघा. २४१० असणार. वहीत ‘×१० आहे / नाही’ असा वेगळा रकानाच करा, तो रिकामा राहिला तर वाचन धरायचं नाही.

खाडीकाठ_शाळा

हो, २४१०. म्हणजे त्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतंय?

भांगउधाण

हो, आणि पुळणीत ते नेहमीचंच. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत ते खालचं खारं पाणी दाबून धरतं. कागदावर अर्ध्या मीटरला २० मीटर. म्हणून मे महिन्यात चाकरमानी आले, पंप दुप्पट चालले, पातळी वीतभर उतरली, तरी खालून खारं वर चढतं. वीतभर पाण्याची किंमत मुलांना इथे खरोखर कळते. हा हिशेब पुळणीला लावा, ५ नंबरला नको. जांभ्यात पाणी भेगांतून आणि पोकळ्यांतून धावतं, तिथे हे गुणोत्तर चालत नाही.

दाभोळ खाडीच्या शाळेशी तुलना करायचा विचार असेल तर जपून. वाशिष्ठीत कोयनेचं अवजल (वीज तयार करून सोडलेलं पाणी) बारमाही उतरतं, तिथला उन्हाळा तुमच्या खाडीसारखा नाही.

एवढ्यावर थांबू नका. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतं. तुम्हीही मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी धरा. ऑगस्टमध्ये १ नंबरचा तळ किती उतरतो, तो आकडा मला वाचायला आवडेल.

पाखाडी

विहिरींच्या मालकांना आकडे आधी द्या, तक्ता भिंतीवर नंतर लावा. क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५०, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. २ नंबर या दोन्हींच्या मध्ये आहे. ४ नंबरच्या घरात तान्हं मूल असेल तर नायट्रेटचं आजच सांगा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटून वाढतं, हेही सांगा.

खाडीकाठ_शाळा

४ नंबरला आज संध्याकाळीच जातो. अनुमापन झालेलं पाणी आतापर्यंत बादलीत साठवलंय, त्याचं काय करायचं?

रसायनटेबल

बेसिनमध्ये किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. क्रोमेट विषारी आहे आणि कर्करोगकारक आहे. झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरा, ‘क्रोमेट आणि चांदीचा साका, विषारी’ अशी चिठ्ठी आणि तारीख लावा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेला विचारून तिथे द्या. दर्शक शिक्षकांनीच, हातमोजे घालून टाकावा. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा. हाताला लागलं तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत. दर वेळी सुरू करण्याआधी त्याची ताकद तपासा: लिटरला ८२४ मिलिग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइडचं द्रावण १० मिली घेतलं, तर कोरं वजा जाता बरोबर १० मिली लागायला हवं. ९.५ किंवा १०.५ आलं तर त्या दिवसाचे सगळे आकडे त्याच प्रमाणात दुरुस्त करा.