जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये एखादी प्रॉपर्टी (नाव दिलेली नोंद) आहे का बघायला नुसता इफ नको, हॅजओन वापरा

फोंडेकर: मांद्र्याच्या एका गेस्टहाउसचं बुकिंग सॉफ्टवेअर बघतो मी. दरवर्षी येणाऱ्यांकडून मालक डिपॉझिट घेत नाही, रेकॉर्डमध्ये शून्य टाकतो. आधीच्याने लिहून ठेवलेलं, इफ बुकिंग डॉट डिपॉझिट, नाहीतर २०००. जावास्क्रिप्टमध्ये शून्य म्हणजे फॉल्सी, इफ त्याला 'नाही' समजतो, म्हणून सगळी जुनी गिऱ्हाइकं एल्समध्ये गेली आणि ऐन डिसेंबरात त्यांना दोन हजार भरा असे मेसेज. मालकाला एकेकाला फोन करून माफी मागावी लागली. प्रॉपर्टी आहे का आणि तिच्यात काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नासाठी ऑब्जेक्ट डॉट हॅजओन ईएस २०२२ पासून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या आवृत्तीपासून, आहे, वापरा की.

म्हापशेकर: फोंडेकर बाब, राग समजतो पण औषध चुकलं. उद्या की, म्हणजे प्रॉपर्टीचं नाव, आहे आणि व्हॅल्यू अनडिफाइन्ड, म्हणजे काही दिलेलीच नाही अशी, आली तर हॅजओन ट्रूच म्हणणार, आणि बिलात अनडिफाइन्ड जाणार. इथे दोन प्रश्नचिन्हं पुरतात: डिपॉझिट ?? २०००. नल (मुद्दाम रिकामं) आणि अनडिफाइन्डलाच डिफॉल्ट लागतो, शून्य शून्यच राहतं. वाचायलाही सोपं. आणि थेट वाचलेली प्रॉपर्टी इंजिन इनलाइन कॅश करतं, कुठे सापडली ते लक्षात ठेवतं, तेव्हा प्रत्येक ठिकाणी फंक्शन कॉल कशाला?

फोंडेकर: डिपॉझिटपुरतं मान्य. पण की युजरकडून येते तेव्हा? त्याच साइटवर कूपन कोड आहेत, साध्या ऑब्जेक्टमध्ये. कूपनच्या बॉक्समध्ये इंग्रजीत कन्स्ट्रक्टर टाइप करून बघितलं तर प्रोटोटाइपवरचं, म्हणजे ऑब्जेक्टला वारशाने मिळालेलं, फंक्शन हाताला लागलं, त्याने गुणलं आणि एकूण रकमेच्या जागी नॅन (आकडाच नाही). तुमची प्रश्नचिन्हं तिथे गप्प, कारण व्हॅल्यू नल नाहीच. इन ऑपरेटरही ट्रू म्हणतो, तो सगळी प्रोटोटाइप चेन चढतो. हॅजओनच अडवतं. जुनं हॅजओनप्रॉपर्टी नको, ऑब्जेक्ट डॉट क्रिएट नल करून बनवलेल्या बिनप्रोटोटाइपच्या ऑब्जेक्टवर ती मेथडच नसते, कॉल केला की एरर.

डिचोलीची: वेगावरून भांडताय पण चेक कुठला यावर फारसं काही ठरत नाही हो, ऑब्जेक्टचा शेप बदलतो का ते बघा. व्ही८ मध्ये, म्हणजे क्रोम आणि नोडच्या जावास्क्रिप्ट इंजिनात, सगळ्या बुकिंगना त्याच प्रॉपर्टी त्याच क्रमाने दिल्या तर एकच हिडन क्लास (शेपचा आतला नकाशा), आणि कुठलाही चेक पटकन होतो. कोणाला डिपॉझिट आहे, कोणाला नाही, असं झालं की हिडन क्लास वेगवेगळे होतात, आणि कुणीतरी मध्येच डिलीट मारलं की ऑब्जेक्ट बऱ्याचदा डिक्शनरी मोडमध्ये (प्रत्येक नाव यादीत शोधायचं) जातो आणि वाचणं मंदावतं. माझ्या मते बुकिंगमध्ये डिपॉझिट कायम ठेवा, नसेल तर नल, डिलीट नकोच. आणि कूपन मॅपमध्ये, की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायच्या वेगळ्या प्रकारात, टाका, मॅप डॉट हॅजला प्रोटोटाइपशी देणंघेणं नाही.

म्हापशेकर: मॅप चांगला, पण सर्व्हरला पाठवायला जेसन डॉट स्ट्रिंगिफाय करून मजकूर बनवला की रिकामा महिरपी कंस हातात येतो. आधी ऑब्जेक्ट डॉट फ्रॉमएंट्रीजने साधा ऑब्जेक्ट करावा लागतो, आणि नवीन पोरं ते हमखास विसरतात.

फोंडेकर: कूपन सर्व्हरवरच तपासतो, बाहेर जातच नाहीत. तिथे मॅप करतो आजच. बुकिंगला तुमची प्रश्नचिन्हं. पण बाहेरून आलेल्या कीसाठी हॅजओन मी सोडणार नाही.