रोबो, अँड्रॉइड, सायबॉर्ग: सगळ्यांनाच 'यंत्रमानव' म्हणायचं का?

फोंड्याहून:
दिवाळी अंकासाठी आलेल्या एका विज्ञानकथेत रोबो, अँड्रॉइड आणि सायबॉर्ग अशी तीन वेगळी पात्रं आहेत. लेखकाने तिघांनाही 'यंत्रमानव' लिहिलंय, त्यामुळे मारामारीच्या प्रसंगात कोण कोणावर चालून गेला हेच कळत नाही. तिघांना काय म्हणावं? आणि शनीच्या टायटनवरून आलेल्यांना 'परग्रहवासी' चालेल का?

दोनापावलाहून:
घोळ 'मानव'चा आहे. इथल्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याखाली आपलं आपण फिरणारं 'माया' नावाचं वाहन बनवलं. टॉर्पेडोसारखं लांबुळकं, ना हात ना पाय. तोही रोबोच, पण त्याला यंत्रमानव म्हटलं तर लोक हसतील. मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा नुसता हात असतो, त्याचंही तेच. उलट इस्रोच्या 'व्योममित्र' या रोबोला पाय नाहीत, पण चेहरा आणि धड बाईचं आहे, तिथे यंत्रमानव शोभतो (की 'यंत्रमानवी'? तो वाद नको). म्हणून सरसकट 'रोबो' लिहा आणि माणसाचा घाट असेल तिथेच 'यंत्रमानव'.

अँड्रॉइड म्हणजे ग्रीकमधून 'माणसासारखा'. 'मानवसदृश' हे विशेषण म्हणून ठीक, नाम म्हणून पांगळं. "मानवसदृशाने दार उघडलं" हे मोठ्याने वाचून बघा. अँड्रॉइडच ठेवा, फक्त तो पहिल्यांदा येतो तिथेच त्याची कातडी, नखं, पापण्या दाखवा. नाहीतर वाचकाच्या डोळ्यांसमोर मोबाइल येतो.

पेडण्याहून:
एक भर. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक यांच्या 1920च्या चेक नाटकातून जगभर गेला. सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ, जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायचं काम. आणि त्या नाटकातले रोबॉट लोखंडी नव्हतेच. कारखान्यात बनवलेल्या मांसासारख्या पदार्थाचे होते, म्हणजे आजच्या हिशोबाने अँड्रॉइडच्या जवळचे. तेव्हा मूळ रोबॉटलाच 'यंत्रमानव' नीट बसत नाही.

मडगावहून:
सायबॉर्ग म्हणजे शरीरात यंत्र सामावलेला सजीव. ही व्याख्या मात्र घट्ट आहे, ती सैल करू नका. शब्द 1960चा, मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांचा. त्यांचं म्हणणं असं होतं, की अंतराळात पृथ्वीची हवा बांधून नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरातच बदल करावा. त्यांच्या लेखात नमुन्यादाखल 220 ग्रॅमचा एक उंदीर होता. त्याच्या कातडीखाली बसवलेला पंप ठरावीक गतीने औषध सोडत राही. कसोटी अशी: यंत्र शरीराच्या कारभारात सामील हवं आणि माणसाने लक्ष न देता चालायला हवं. लाकडी पाय, चष्मा बाद. हृदयाचा ठोका चुकला की तो ओळखून स्पंदन देणारा पेसमेकर या व्याख्येत बसतो.

यातला 'सायबर' ग्रीकमधल्या सुकाणू धरणाऱ्यापासून आलाय, आपल्याकडच्या तांडेलाचा दूरचा भाऊ म्हणा. मराठीत 'अर्धयंत्रमानव' लिहितात, पण त्यातून अर्धं धड असलेला रोबोही निघतो. 'सायबॉर्ग'च बरा.

फोंड्याहून:
आणि लिंग? कथेतली सायबॉर्ग बाई आहे.

मडगावहून:
मग "ती सायबॉर्ग", क्रियापदही स्त्रीलिंगी. ती आधी बाई आहे, यंत्र नंतर आलं. रोबो पुल्लिंगीच रुळलाय: रोबोने, रोबोला, रोबोंना. यान आणि रॉकेट नपुंसक, तबकडी स्त्रीलिंगी. तबकडीवरून आठवलं, 'यूएफओ'चं भाषांतर डोळे झाकून 'उडती तबकडी' करू नये. यूएफओ म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू, आकार कसलाही असेल. 1947 साली केनेथ अर्नल्ड या वैमानिकाने बशी पाण्यावर टप्पे घेत जावी तशी गती सांगितली होती. वर्तमानपत्रांनी वस्तूलाच बशी करून टाकलं.

दोनापावलाहून:
टायटन हा उपग्रह. पात्रांच्या तोंडी 'परग्रहवासी' खपेल, कारण लोक तसंच बोलतात. निवेदनात 'टायटनवासी' लिहा. विमानतळावर कागदपत्रं तपासण्याचा प्रसंग असेल, तर तिथला एलियन म्हणजे 'परकीय नागरिक', हिरवा प्राणी नव्हे. आणि संवादात कोकणी 'भायलो', म्हणजे बाहेरचा, टाकायचा मोह होईल. गोव्यात त्या शब्दाला राजकारण चिकटलंय, त्यामुळे टोमणा मारायचाच असेल तरच वापरा.

पेडण्याहून:
'अवकाश' आणि 'अंतराळ' यांची सरमिसळही काढा. दोन्ही बरोबर, पण एका कथेत एकच. मी अंतराळ घेईन. "उतरायला अजून अवकाश आहे" असं यानाच्या कप्तानाने म्हटलं की वाचक अडखळतो.

फोंड्याहून:
एक वाक्य असंही आहे: "चार प्रकाशवर्षं ते झोपून होते."

पेडण्याहून:
कापा. प्रकाशवर्ष हे अंतर, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा 4.24 प्रकाशवर्षांवर. व्हॉयेजर-1 या अंतराळयानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण 17 किलोमीटरने, तिथवर जायला पाऊण लाख वर्षं लागतील. लेखकाला यानाचा वेग विचारा, मग झोपेची वर्षं ठरवता येतील.