पॅटर्न शॉपला सीएनसी राउटर घ्यावा का? (उद्यमबाग, बेळगाव)

उद्यमबाग_पॅटर्नवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं पॅटर्न शॉप आहे. बाबांनी काढलेलं, आता मी बघतो. दोन मिस्त्री, एक बँडसॉ, लाकडाचा लेथ, सँडर आणि माळ्यावर रचलेली जुनी पॅटर्न. फौंड्रीत रेतीचा साचा पाडायला जे लाकडी रूप लागतं ते आम्ही करून देतो. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, गिअरबॉक्सचं हाउसिंग, आणि त्यांचे कोअर बॉक्स, म्हणजे ओतीव भागाच्या आतली पोकळी राखणारा रेतीचा गाभा (कोअर) पाडायचे साचे.

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलीवरून बोर्ड कोरून कापणारं मशीन, घ्यावा का हा प्रश्न आहे. आधी धंदा कसा चालायचा ते सांगतो, त्याशिवाय माझी अडचण कळायची नाही. गिऱ्हाईक ब्लूप्रिंटची गुंडाळी घेऊन स्वतः यायचं. बाबा ते ड्रॉइंग प्लायच्या फळीवर खऱ्या मापात आखून काढायचे, तेही श्रिंकेजच्या पट्टीनं. ओतीव लोखंड गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, स्टील जवळपास दुप्पट. म्हणून आमची पट्टीच मुळात लांब असते, तिच्यावरचा १०० चा आकडा खऱ्या १०१ वर कोरलेला असतो. मशिनिंगला कुठं ३ मिलिमीटर सोडायचे, पॅटर्न रेतीतून अलगद सुटावं म्हणून बाजूंना किती उतार द्यायचा, हे ड्रॉइंगवर कुणी लिहून देत नसे. ते बाबांच्या डोक्यात. अशी शॉप गावात मोजकी, त्यामुळं "पंधरा दिवस लागतील" म्हटलं की गिऱ्हाईक पंधरा दिवस थांबायचं.

आता मेलवर स्टेप फाइल, म्हणजे भागाचं थ्रीडी ड्रॉइंग येतं. तीच फाइल त्याच मिनिटाला राजकोट, कोईमतूर, पुणे सगळीकडं गेलेली असते आणि संध्याकाळपर्यंत चार कोटेशन गिऱ्हाइकाच्या हातात. गेल्या महिन्यात एका हाउसिंगला मी ७२ हजार आणि १८ दिवस सांगितले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. फोनवर म्हणाले, "बाहेरून ५१ हजारात, आठ दिवसांत मिळालंय, वाईट वाटून घेऊ नका." पॅटर्न आल्यावर मी मुद्दाम बघायला गेलो. रेझिन बोर्डवर राउटरनं कापलेलं. दोन्ही अर्धुकं जोडून सांध्यावरून नख फिरवलं, कुठं अडलं नाही. आमचं सागवानी पॅटर्न श्रावणात फुगतं, अर्धुकं जुळवणाऱ्या खुंट्या (डॉवेल) घट्ट बसतात, हातोडीचा दांडा ठोकून सोडवावं लागतं. याचं तसं काही होणार नाही.

आम्ही सीमेवरची माणसं, त्यामुळं आणखी एक गोष्ट. कोल्हापूर ११० किलोमीटर, खरं पूर्वी तिकडं माल पाठवायचा म्हणजे दुसरं राज्य. २ टक्के केंद्रीय विक्रीकर, त्या सवलतीच्या दराला लागणाऱ्या सी फॉर्मसाठी गिऱ्हाइकाच्या मागं फिरणं, कोगनोळीच्या नाक्यावर टेम्पो उभा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तो नाक्यावरचा खोळंबा गेला, आता ई-वे बिल मोबाइलवर निघतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीचं काम मिळणार म्हणून आम्ही खूश. मिळालंही. खरं जो रस्ता आम्हाला शिरोलीकडं मोकळा झाला तोच राजकोटवाल्याला बेळगावकडं मोकळा झाला, हे ध्यानात यायला मला तीन वर्षं लागली.

थ्री-ॲक्सिस राउटरचं २२ लाखांचं कोटेशन हातात आहे. कर्ज काढून घ्यावा, की दुरुस्तीच्या आणि फुटकळ कामावर राहावं? बाबा म्हणतात घे. जे यातून गेलेत त्यांनी स्पष्ट सांगा.

शिरोली_पर्चेस

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत खरेदी बघतो. एकच फाइल पाच ठिकाणी पाठवणारा माणूस मीच, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

दर पाडायला राउटर घेणार असाल तर घेऊ नका. राजकोटवाल्याचं मशीन दोन पाळ्या चालतं, तुमचं सुरुवातीला दिवसाला चार-पाच तास चालेल. हप्ता दोघांना सारखाच. तासाचा खर्च तिथंच तिपटीवर गेला, मग दरात कसे टिकणार?

कोटेशन उघडलं की मी दर पहिला बघतो, ते लपवत नाही. पण एकदा पोळल्यापासून आणखी काही बघतो. बाहेरून आलेलं एक पॅटर्न दिसायला देखणं होतं, पण सरसकट १.०१ पट मोठं केलेलं. आत मोठा कोअर होता, त्यानं लोखंडाला पुरतं आकसू दिलं नाही. बोअरचं (आतल्या भोकाचं) सेंटर दीड मिलिमीटर बाहेर. पॅटर्न परत गेलं, पुन्हा आलं, पुन्हा सॅम्पल. स्वस्तातलं काम शेवटी महाग पडलं आणि आमच्या गिऱ्हाइकापुढं मान खाली घालावी लागली ती वेगळीच. म्हणून आता पहिलं सॅम्पल मापात बसवून देणारा माणूस मला हवा असतो. आणि रात्री नऊला मोल्डिंगवर पॅटर्नचा कान तुटला तर येऊन चिकटवणारा. राजकोटला फोन करून तो कान जुळत नाही.

बिलाचंही आलं त्यात. तुम्ही रिटर्न वेळेत भरला नाही तर बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवरच्या कराच्या ऑनलाइन तक्त्यात) दिसत नाही, भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. पूर्वी ही अकाउंट्सची डोकेदुखी होती, आता व्हेंडर निवडतानाच बघतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर २०२३-२४ पासून तो खर्च आम्हाला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी आयकरात धरता येतो. त्यामुळं अशी बिलं आमच्याकडं आधी निघतात.

एक विचारतो. बाबांच्या पॅटर्नवर निघालेल्या कास्टिंगची (ओतीव भागांची) मापं कुठं लिहिलेली आहेत का?

मच्छे_मशीनशॉप

राउटर घेऊन तरी काय करणार? थ्रीडी प्रिंटर थेट रेतीचा साचाच छापतो, पॅटर्न लागतच नाही. पाच वर्षांनी तो राउटरही भंगारात.

शहापूर_साडीवाली

दादा, माझा धंदा वेगळा, शहापुरात साड्यांचं दुकान. सासरे मागावर विणायचे. तुमचं वाचून राहवलं नाही.

पूर्वी नवी किनार काढली की एक हंगाम ती आमचीच असायची. आता फोटो व्हॉट्सॲपवर गेला की महिन्याभरात तशीच छापील साडी निम्म्या किमतीत बाजारात. तुमच्या फाइलीसारखंच झालं हे. मग मी एका मोठ्या ऑनलाइन ठिकाणी विकायला लागले. दीड वर्षात चारशे साड्या गेल्या, खरं ती चारशे माणसं कोण, मला माहीत नाही. एकीचाही नंबर माझ्याकडं नाही. कमिशन वाढवलं तेव्हा सोडून जायचं म्हटलं तर सोबत कुणाला न्यायचं? गिऱ्हाईक त्यांचं होतं, माझ्या फक्त साड्या. फार रडू आलं त्या दिवशी.

आता नवी किनार फोटोत टाकत नाही, जुन्या बायकांना व्हिडिओ कॉलवर दाखवते. माझ्या वहीत कुणाच्या लेकीचं लग्न कधी, कुणाला कोणता रंग चालत नाही, सगळं आहे. तुमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक तुमच्याशी फोनवर बोलले तरी, आमच्याकडं तेवढंही कुणी बोलत नाही. पुन्हा जाऊन भेटा त्यांना.

खानापूर_कॅड

मी मूळचा खानापूरचा, पुण्यात कास्टिंगचं डिझाइन करतो.

मच्छेच्या दादांचं अर्धं खरं आहे. साचा छापता येतो आणि दोन-चार नगांच्या नमुन्याला ते सोयीचं पडतं. पण छापण्याचा खर्च प्रत्येक साच्याला नव्यानं लागतो. ६० हजारांचं पॅटर्न १० कास्टिंगला वापरलं तर नगामागे ६ हजार, १,००० ला वापरलं तर ६० रुपये. ज्या फौंड्रीला महिन्याला शेकडो नग काढायचेत ती पॅटर्नच घेणार.

उद्यमबागच्या दादांना माझा सल्ला: आधी कॅड-कॅम (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करणं आणि त्यावरून मशीन चालवणं) शिका, मशीन नंतर. फाइल उघडून पार्टिंग लाइन (साच्याची दोन अर्धुकं जिथं मिळतात ती रेघ), उतार, कोअर प्रिंट (कोअर टेकायची जागा) तुम्ही ठरवा. बोर्ड कापून घ्यायला तासाच्या भाड्यानं राउटर मिळतो. वर्षभर भाडं किती जातंय ते लिहा. ते हप्त्याच्या आसपास आलं की मशीन घ्या. आज घेतलंत तर मशीनला काम पुरवण्यासाठी तुम्हाला पडेल त्या दरात काम घ्यावं लागेल.

तुमचा माळा हेही भांडवल आहे. आपल्या जिल्ह्यात किती साखर कारखाने, किती गुऱ्हाळं. त्यांचे जुने चरक, पिनियन (दातेरी चाकं), बेअरिंगचे ब्लॉक यांची ड्रॉइंग बऱ्याचदा कुणाकडंच नसतात. तुटका भाग स्कॅन केला तर झिजलेलं माप मिळतं, मूळ माप मिळत नाही. मूळ माप तुमच्या माळ्यावरच्या लाकडात आहे. गळीत हंगामाआधी पावसाळ्यात कारखान्यांची ओव्हरहॉलिंग निघतात, तेव्हा कोटेशन मागायला फाइलच नसते, त्यांना माणूसच शोधावा लागतो. मी महिन्यातून एकदा गावी येतो, येताना स्कॅनर घेऊन येईन.

उद्यमबाग_पॅटर्नवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. शिरोलीच्या साहेबांचा प्रश्न वाचून बाबांना विचारलं. काही न बोलता उठले आणि ट्रंकेतून तीन वह्या काढून दिल्या. लांबट, लाल पाठीच्या, हिशेबाच्या असतात तशा. मला वाटायचं उधारीच्या असतील.

एका पानावर असं आहे: "हाउसिंग, लांबी ६४०. कोअर मोठा. पूर्ण आकसलं नाही. पुढच्या वेळी ०.८ धरावं." त्याखाली दुसऱ्या शाईत: "०.८ बरोबर आलं." मी हिशेब केला. सरसकट १ टक्का धरला असता तर ६.४ मिलिमीटर, ०.८ नं ५.१. सव्वा मिलिमीटरचा फरक, आणि तो त्यांनी वहीत लिहून गाठलाय. कुठल्या फौंड्रीचं लोखंड किती आकसतं, कुणाची रेती कशी, पानंच्या पानं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहून काम केलं आणि या वह्या उघडून बघितल्या नव्हत्या.

राउटरवाल्याला सहा महिने थांबा म्हणून कळवलंय. वह्या कॉम्प्युटरवर चढवायला पुतणी बसतेय. बाबांचं अक्षर तिला लागत नाही, म्हणून बाबा शेजारी बसून वाचून दाखवतात. शहापूरच्या ताई, त्या हाउसिंगवाल्यांना भेटून आलो. काम दिलं नाही, खरं चहा दिला आणि पहिल्या सॅम्पलची मापं मलाही दाखवतो म्हणाले.

खानापूरकर, तुम्ही याल त्या रविवारी शॉप उघडं ठेवतो. तिसऱ्या रेल्वे गेटाकडं आलात की फोन करा. माळ्यावर गुऱ्हाळाच्या चरकाच्या पिनियनची चार पॅटर्न आहेत, त्यातल्या दोनांना वाळवी लागलीय. आधी ती स्कॅन करूया.