ॲमस्टरडॅमच्या दे वॉलन भागात नुसते बघायला जावे का?

पायवाट यांचा प्रश्न

येत्या ऑक्टोबरात आम्ही काही मित्रमैत्रिणी ॲमस्टरडॅमला जाणार आहोत. संग्रहालये आणि कालव्यांतली नौकासफर यांचे बेत ठरले आहेत; घोडे अडले आहे ते रात्रीच्या कार्यक्रमापाशी. दे वॉलन हा लाल दिव्यांच्या खिडक्यांत वेश्याव्यवसाय चालणारा प्रसिद्ध भाग पाहावा असे बहुतेकांचे मत आहे, परंतु गिऱ्हाईक म्हणून जायचे नसताना तिथे नुसते बघायला जाणे कितपत योग्य, अशी शंका एका मैत्रिणीने काढली आणि तिला आमच्यापैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. गाईडबरोबर या भागात फेरी मारता येते असे पूर्वी वाचले होते, आता ती सोय बंद झाल्याचे कानावर आले आहे. गांजा, दारू, बंद होण्याच्या वेळा यांचेही नियम गेल्या काही वर्षांत बदललेले दिसतात. सध्या तिथे काय चालते आणि काय चालत नाही, स्त्रियांना रात्री अवघडल्यासारखे होते का, आणि मैत्रिणीच्या शंकेवर आपले काय मत आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिवेलागण यांचे उत्तर

फेऱ्यांबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. खिडक्यांसमोरून पर्यटकांचे गट नेण्यास तिथल्या नगरपालिकेने २०२० पासून बंदी घातली आहे, त्यामुळे कोणी अजूनही "आम्ही आतून फिरवतो" असे सांगत असेल तर त्याला पैसे देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. स्वतःहून चालत जायला मात्र कोणतीही आडकाठी नाही, कारण हा तिकीट लावलेला किंवा कुंपण घातलेला भाग नव्हे. सेंट्रल स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेली ही शहरातली सर्वांत जुनी वस्ती आहे आणि तिथे आजही सामान्य कुटुंबे राहतात. मधोमध आउडे केर्क हे १३०६ मध्ये अभिषेक झालेले चर्च आहे, ज्याच्या फरशीखाली चित्रकार रेम्ब्रांटची पत्नी सास्किया हिला पुरले आहे. आणि त्याच चर्चला वळसा घालणाऱ्या फरसबंद वाटेवर, भिंतीपासून काही पावलांवर, खिडक्या सुरू होतात.

खिडकी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले तर आपल्या मैत्रिणीच्या शंकेचे निम्मे उत्तर मिळते. खिडकी म्हणजे पुरुषभर उंचीचे काचेचे दार, त्याच्या चौकटीवर लाल दिवा, आत एक उंच स्टूल आणि मागे पलंग व हात धुण्याचे बेसिन मावेल एवढीच खोली. पडदा ओढलेला असेल तर आत गिऱ्हाईक आहे असे समजायचे. ही खोली त्या स्त्रीच्या मालकीची नसते. परवानाधारक मालकाकडून ती पाळीच्या हिशेबाने भाड्याने घेते, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करते आणि कर भरते. पाळीचे भाडे गिऱ्हाईक येवो न येवो द्यावेच लागते. आता अशा दारासमोर पंधरा-वीस जण घोळक्याने उभे राहून हसत-खिदळत बोटे दाखवू लागले, तर ज्याला खरोखर आत जायचे आहे तो माणूस संकोचून पुढे निघून जातो आणि तिची ती रात्र पाण्यात जाते. तेव्हा त्या गल्ल्यांत उपद्रव गिऱ्हाइकांपेक्षा बघ्यांचा जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून जायचे तर दोघा-तिघांनी जावे, थांबू नये, आणि फोन खिशातच ठेवावा. खिडक्यांचे छायाचित्र किंवा चित्रफीत अजिबात काढू नये. त्यांतल्या अनेक जणींच्या घरी या कामाची कल्पना नसते आणि समाजमाध्यमावर गेलेले एक छायाचित्र एखादीचे आयुष्य उधळून लावू शकते. दारांवर कॅमेऱ्यावर काट मारलेली चित्रे लावलेली असतात, तरीही एखादा शहाणा "नुसते दिवे टिपतो आहे" असे सांगत फोन उगारतोच. मग दार उघडते, तिखट शब्द ऐकू येतात आणि काही वेळा पाण्याचा मारा किंवा फोनवर हातही पडतो. अशा वेळी आजूबाजूचे लोक पर्यटकाची बाजू घेत नाहीत, आणि घेऊही नये.

नियमांचे म्हणाल तर २०२३ च्या मेपासून या भागातल्या रस्त्यांवर गांजा ओढण्यास बंदी असून १०० युरो दंड आहे. कॉफीशॉप, म्हणजे गांजा विकणारी तिथली दुकाने, यांच्या आत ओढता येतो. तिथे १८ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही, एका व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मिळत नाही आणि दारू विकली जात नाही. रस्त्यावर दारू पिण्यासही दंड आहे. त्याच वर्षीपासून खिडक्या पहाटे सहाऐवजी तीन वाजता बंद होतात, तर बारमध्ये शुक्रवारी-शनिवारी रात्री एकनंतर नव्या माणसाला आत घेत नाहीत आणि दोनला बार बंद होतो.

एका गोष्टीबाबत मात्र कठोर शब्दांत सांगतो. पुलांवर आणि गल्ल्यांच्या तोंडाशी काही लोक जवळून जाताना हलक्या आवाजात कोकेन किंवा एक्स्टसी हवी का असे विचारतात. त्यांच्याकडे न बघता चालत राहावे. हे अमली पदार्थ बेकायदा आहेत, आणि पुडीत बहुधा भलतेच काहीतरी असते. २०१४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर कोकेन म्हणून पांढरे हेरॉइन विकले गेले आणि त्यात तीन तरुण ब्रिटिश पर्यटक प्राणाला मुकले. तेव्हा नगरपालिकेने रस्त्यांवर प्रकाशित फलक लावून पर्यटकांना सावध केले होते, आणि सेवन केल्याबद्दल अटक होणार नाही, त्रास झाल्यास ताबडतोब ११२ ला फोन करा, असेही त्यांवर लिहिले होते. तो क्रमांक लक्षात ठेवावा.

रातकिडा यांचे उत्तर

ॲमस्टरडॅमची रात्र म्हणजे लाल दिवे एवढेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून लोक का जातात, हे मला न सुटलेले कोडे आहे. पारादिसो ही एका जुन्या चर्चच्या इमारतीत १९६८ मध्ये सुरू झालेली संगीताच्या कार्यक्रमांची जागा आणि दुधाच्या कारखान्यात सुरू झालेली मेल्कवेग, या दोन्ही लाइड्सेप्लाइन या चौकाच्या आसपास आहेत आणि तिथे ऐकण्यासारखे काही नाही अशी रात्र क्वचितच असते. ऑक्टोबरात तर ॲमस्टरडॅम डान्स इव्हेंट हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा उत्सव शहरभर भरतो. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढे असतात, आणि २०२४ पासून निवासावर साडेबारा टक्के पर्यटन कर आहे, तोही हिशेबात धरावा.

उंबरठा यांचे उत्तर

दिवेलागण यांनी व्यवहाराचे सांगितले ते सर्व बरोबर आहे, परंतु "स्वतंत्र व्यावसायिक" या शब्दांवर चित्र फार स्वच्छ करून टाकले आहे असे वाटते. नेदरलँड्समध्ये कुंटणखान्यांवरची बंदी १ ऑक्टोबर २००० रोजी उठली, तेव्हा व्यवसाय उघडा झाला की शोषण आपोआप कमी होईल अशी अपेक्षा होती. ती पुरती फळाला आलेली नाही, हे तिथल्या राज्यकर्त्यांनीही कृतीतून मान्य केले आहे. २००७ मध्ये शहराने या भागाच्या पिनकोडवरून नाव दिलेला १०१२ प्रकल्प हाती घेतला आणि शंभराहून अधिक खिडक्या बंद केल्या, त्याचे एक मुख्य कारण गुन्हेगारी आणि मानवी तस्करी हेच सांगितले गेले. २०१३ पासून ॲमस्टरडॅममध्ये या कामासाठी किमान वय १८ वरून २१ करण्यात आले. समोरची व्यक्ती तस्करीची बळी आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला सबळ कारण असताना, तिच्याकडून लैंगिक सेवा घेणाऱ्या गिऱ्हाइकावरही १ जानेवारी २०२२ पासून गुन्हा दाखल होऊ शकतो. हे सगळे कायदे हवेतून आलेले नाहीत.

खिडकीतल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी पूर्व युरोपातून आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या असतात. कोण स्वेच्छेने बसली आहे आणि कोणाच्या पाठीशी दलाल उभा आहे, हे काचेबाहेरून जाणाऱ्या पर्यटकाला कळण्याची सुतराम शक्यता नाही. ज्या ठिकाणी हा फरक मला ओळखता येत नाही, त्या ठिकाणी मी करमणुकीसाठी जाणार नाही. महापौर फेम्के हालसेमा यांनी खिडक्या जुन्या वस्तीतून हलवून दक्षिण भागात एक स्वतंत्र केंद्र उभारण्याची योजना मांडली आहे, ती मला म्हणूनच पटते.

कालवाकाठ यांचे उत्तर

उंबरठा, आपण दिलेल्या तारखा बिनचूक आहेत, पण त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. महापौरांच्या या योजनेला सर्वांत मोठा विरोध कोणाचा आहे, हे आपण सांगितले नाहीत. तो खिडकीत बसणाऱ्या स्त्रियांचाच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांतल्या कित्येक जणी, अनेकींनी मुखवटे चढवून, नगरपालिकेवर मोर्चा घेऊन गेल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. गर्दी आवरायची असेल तर गर्दी आवरा, पण तीनला दारे बंद केलीत तर बघे पांगल्यानंतर जे खरे गिऱ्हाईक येते तेच आमच्या हातून जाते. केंद्राबाबत त्यांची भीती याहून खोल आहे. आज त्या वर्दळीच्या रस्त्याला लागून बसतात, शेजारच्या खिडकीत मैत्रीण असते, घंटा वाजवली की मदत येते. उद्या शहराच्या एका टोकाला शंभर खोल्यांच्या इमारतीत गेल्यावर आत शिरणारा प्रत्येक माणूस नजरेत भरणार, आणि नजरेत भरायचे नसलेले गिऱ्हाईक तिकडे फिरकणारच नाही. मग काम बंद पडत नाही, ते खाजगी घरांत आणि हॉटेलांत जाते, जिथे तस्करी शोधणे पोलिसांना आणखी अवघड होते.

आणि ज्यांच्या शेजारी हे केंद्र येणार त्यांनाही ते नको आहे. २०२३ च्या डिसेंबरात दक्षिण भागातल्या युरोपाबुलेवार्ड या रस्त्यावरची जागा निवडली गेली, तेव्हा जवळच कार्यालय असलेल्या युरोपीय औषध संस्थेनेही जाहीर नापसंती व्यक्त केली होती. प्रत्यक्ष इमारत उभी राहायला वर्षे लागतील, तोवर पर्यटकांच्या लोंढ्याचे काय, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. शहराने ब्रिटनमधल्या १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना उद्देशून, बॅचलर पार्टीच्या नावाने धिंगाणा घालायला येणार असाल तर येऊच नका, अशा जाहिराती केल्या हे खरे. पण हेच शहर कित्येक दशके या गल्ल्यांच्या कीर्तीवर विमाने भरून आणत होते, हेही विसरून चालणार नाही. मूळ दुखणे गर्दीचे असताना शिक्षा खिडकीला, असा हा प्रकार आहे.

तस्करीचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तसा संशय आल्यास तिथे ०८००-७००० या क्रमांकावर नाव न सांगता माहिती देता येते. परंतु प्रश्नकर्त्यांच्या मैत्रिणीला खरोखर समजून घ्यायचे असेल, तर चर्चलगतच्या गल्लीत १९९४ मध्ये मारिस्का मायोर या माजी सेक्स वर्करने सुरू केलेले माहिती केंद्र आहे, जिथे हे काम केलेल्या स्त्रियाच पर्यटकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आल्या आहेत. भेटीच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. तिच्याच पुढाकाराने चर्चसमोरच्या चौकात २००७ मध्ये दारात उभ्या असलेल्या एका स्त्रीचा कांस्य पुतळा बसवला गेला, आणि त्याचे छायाचित्र मात्र खुशाल काढावे.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीला ही चर्चा वाचून दाखवली, तिचे मत उंबरठा यांच्याकडे झुकले आहे आणि माझे कालवाकाठ यांच्याकडे, तेव्हा आमचा वाद काही मिटलेला नाही. रात्रीची घोळक्याची फेरी मात्र एकमताने रद्द केली आहे. आता चर्च, माहिती केंद्र आणि आसपासच्या गल्ल्या एवढेच पाहायचे ठरते आहे. त्यासाठी कोणता दिवस व वेळ बरी, आणि स्त्रियांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, तेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

दिवेलागण

शुक्रवार-शनिवार टाळावेत. त्या रात्री दहा ते एकच्या सुमारास अरुंद गल्ल्यांत पाऊल टाकायला जागा नसते, आणि गर्दी हाताबाहेर गेली तर काही गल्ल्या तात्पुरत्या बंद करून लोकांना दुसरीकडे वळवतात. सोमवार ते बुधवार, संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान गेलात तर दिवे लागलेले असतात, चालायला मोकळीक असते आणि कोणाच्या कामात अडथळाही येत नाही. चर्च मात्र त्या आधी पाहून घ्यावे, कारण ते संध्याकाळी बंद होते.

स्त्रियांचे म्हणाल तर तिथून जाणाऱ्यांत बायकांची संख्या बरीच असते आणि पोलीस व नगरपालिकेचे कर्मचारी सतत फिरत असतात. खिडकीतल्या स्त्रियांना बायकांच्या टक लावून पाहण्याचा राग पुरुषांच्या पाहण्यापेक्षा अधिक येतो असे ऐकले आहे, म्हणून नजरानजर झालीच तर मान लववून पुढे जावे. त्रास झाला तर तो दारूच्या नशेत असलेल्या पर्यटकांकडूनच होतो. ट्रोम्पेटरस्टेग नावाची जेमतेम एक मीटर रुंदीची गल्ली आहे, तिच्यात अशा टोळक्यासमोर सापडलात तर बाजूला व्हायलाही जागा नसते, तेव्हा ती वगळावी. परतीचे गणित आधी मांडून ठेवा: मेट्रो मध्यरात्रीनंतर साधारण अर्ध्या तासात थांबते, त्यापुढे सेंट्रल स्थानकावरून रात्रीच्या बस सुटतात.