मदत हवी आहे: डब्ल्यू१२६ मर्सिडीजच्या खालच्या पॅनेलचा रंग

मंडळी, माझ्या डब्ल्यू१२६ एस-क्लासच्या दारांवरचे खालचे प्लॅस्टिक पॅनेल (१९८५ नंतरचे, गुळगुळीत) उन्हाने फिके पडलेत. पेंटर म्हणतो, सगळी गाडी एकाच रंगात करू. मन तयार होत नाही. मर्सिडीजचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या गाडीत बंपर आणि पॅनेल मिळून वेगळ्या छटेचा एक सलग पट्टा तयार होतो, म्हणूनच एवढी मोठी सेडान जड दिसत नाही. १९७९ चं डिझाइन आजही नजर खिळवून ठेवतं ते या संयमामुळे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पॅनेलच्या मूळ छटेचा कोड कुठे मिळेल? प्लॅस्टिकवर रंग तडकू नये म्हणून प्रायमर कोणता वापरावा? हे काम करून घेतलेल्यांनी कृपया सांगा.